घाट बंद होण्याआधी

"पुन्हा पूस," फिदेन्सिओ म्हणाला.

रोवेनानं तिसऱ्यांदा काच पुसली. आधी साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा. काचेत तिला स्वतःचा वैतागलेला चेहरा लख्ख दिसत होता.

"झाली, ताताय."

तिचा सासरा फिदेन्सिओ काचेसमोर येऊन उभा राहिला. बराच वेळ.

"धुरकट आहे अजून. पावसात अशी काच चालायची नाही."

ती पुन्हा फडकं भिजवून चौथ्यांदा पुसायला लागली.

उद्या सकाळी सातला मनिलात तिची वैद्यकीय तपासणी होती. तैवानच्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. तपासणी चुकली की जागा यादीतल्या पुढच्या बाईला. वादळ येणार म्हणून बसवाल्यांनी कालच गाड्या उभ्या केल्या होत्या, आणि दुपारी एकला घाट बंद करणार म्हणून रेडिओ सकाळपासून सांगत होता. आता साडेदहा वाजले होते. घाट तासाभरावर.

"गाडीनं जाऊ," एवढंच काल फिदेन्सिओ म्हणाला होता. तिचा आधी कानांवर विश्वासच बसला नव्हता.

कारण गाडी दोन वर्षं पत्र्याखालून हलली नव्हती. रोज सकाळी तो ती सुरू करी, दहा मिनिटं घुरघुरत ठेवी आणि बंद करी. किल्ली गळ्यातल्या दोरीत, क्रुसाशेजारी. रोवेनाची आई आजारी पडली तेव्हाही तो म्हणाला, "रस्ता ओला आहे." एकदा तर भर एप्रिलात म्हणाला, "ढग आलेत." तिनं वर पाहिलं होतं. आभाळ कोरडं ठणठणीत.

तिला गाडी चालवता येत नव्हती असं नाही. नवरा आर्नेल होता तेव्हा भाजीची जीप तीच बाजारात न्यायची. पण तीन वर्षांपूर्वी आर्नेल दुसऱ्या कुणाच्या जीपमधून घाट उतरत होता. टायर गुळगुळीत, वळणावर पाणी साचलेलं. तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून म्हातारा म्हणायचा, "या घरात चालक एकच." आणि त्या घरात ती आणि तो, दोघंच उरली होती.

"आता टायर," फिदेन्सिओ म्हणाला.

तीस वर्षं त्यानं बस चालवली होती. तिकडच्या चालकांची दहा तपासण्यांची यादी असते. बाकीचे ती बोटांवर मोजतात. फिदेन्सिओ आरशाला टांगलेली जपमाळ हातात घेऊन तिच्यावर मोजायचा. एक तपासणी, एक मणी. बॅटरी, तेल, पाणी, हवा, असं करत तो पुढे सरकत होता, आणि प्रत्येक काम तिच्याकडूनच करून घेत होता.

"पाण्याची खूण कुठवर आलीय? मोठ्यानं सांग."

"वरच्या रेघेपर्यंत."

"दिवे लाव. पुढे जाऊन बघ. डावा मंद आहे का?"

"नाही."

"ब्रेक दाब. मागे कोण बघणार, मी? उतर, वीट ठेव ब्रेकच्या पेडलवर, आणि मागचे दिवे तूच बघ."

हुकूम सोडायची हौसच भारी, असं तिच्या मनात आलं. टायरच्या खाचांत मात्र त्यानं स्वतः नाणं घातलं, अंगठ्यानं चाचपलं, चारही चाकांना. मग वायपरची रबरं बोटांत धरून टोकापर्यंत नेली.

कुंपणापलीकडून शेजारची चायोंग डोकावली. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.

"काय हो आजोबा, गाडीचं लग्न आहे की काय? नवरीला एवढं न्हाऊ घालत नाही कुणी!"

"तुझ्या नवऱ्याला घाल थोडं," फिदेन्सिओ म्हणाला. "वास इथवर येतो."

चायोंग खिदळली. केळीच्या पानातला, कसावाच्या कंदाचा गरम केक तिनं कुंपणावरून पुढे केला. "घ्या, वाटेत खा."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला नाही, मानही वळवली नाही. रोवेनानंच ओशाळून पुडी घेतली.

सव्वाअकरा झाले.

"ताताय, घाट बंद होईल."

"घाई होती आर्नेलच्या जीपवाल्यालाही."

पावसानं जोर धरला. पत्रा ताशासारखा वाजू लागला.

नऊ मणी सरले. फिदेन्सिओनं दहावा चिमटीत धरला आणि तिथंच थांबला.

"हा चालकाचा," तो म्हणाला. "झोप, दारू, दुखणं. इथं खोट निघाली तर बाकीचे नऊ मणी फुकट. गाडी हलवायची नाही."

रोवेनाला वाटलं, आता गुडघ्यांचं निमित्त निघणार. नाहीतर रक्तदाब.

"चालक नापास," फिदेन्सिओ म्हणाला.

तिनं फडकं चिखलात आपटलं.

"मला ठाऊकच होतं! सकाळपासून राबवलंत आणि शेवटी हेच! तुम्हाला मला सोडायचंच नाही. आर्नेलबरोबर मलाही पुरलंत तुम्ही या घरात!"

ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, प्रवासाची पिशवी उचलून छातीशी धरली, आणि पायी निघायचं ठरवूनही पत्र्याखालीच उभी राहिली. पावसात जाणार कुठे?

म्हातारा रागावला नाही. त्यानं सावकाश गळ्यातली दोरी काढली, किल्ली सोडवली आणि हात लांबवून पुढे धरली. रोवेना जिथं मघाशी होती तिथं, जिथं आता पत्र्याचा खांब तेवढा होता.

"चालव तू," तो खांबाला म्हणाला. "वळणं मी सांगतो, पोरी. ती मला पाठ आहेत."