बुवांची चाल

गणपतीतल्या जाखडी नाच-गाण्याच्या सामन्यात धाकूच्या लाडक्या बुवांसमोरच्या शाहिराने पिक्चरच्या चालीवर गाणं धरलं आणि धाकूचं डोकं फिरलं. "चोर मेलो! चाल उचललान!" असं ओरडत तो मांडवातून उठला. त्या शाहिराची बाजू घेणाऱ्या मेव्हण्याशी, गुणाजीशी, त्याने दिवाळीपर्यंत अबोला धरला.

दिवाळीत धाकूच्या बायकोने दोघांना बळेबळे रत्नागिरीला पिक्चर बघायला धाडलं. पिक्चर जुना, काळा-पांढरा. नायिका नाचायला लागली, आणि बुवांनी ज्या गाण्यावर गणपतीतला तो सामना जिंकला होता, त्याचीच चाल पडद्यावरून हुबेहूब वाजू लागली. गुणाजीने हळूच मान वळवून धाकूकडे पाहिलं.

धाकूची छाती फुगली होती. "बघलास गुणाजी? आमचे बुवा पार पिक्चरपर्यंत पोचले!"