आजच्या तारखेचा चेक

"बसा ना," हिशेबनीसकाका म्हणाले आणि लेखिका खुर्चीच्या कडेवर टेकली.

मानधनासाठी मासिकाच्या या टेबलापुढे ती चार वर्षं ताटकळत होती. काकांनी मान वर केली तरी खूप झालं, अशी परिस्थिती. आज मात्र त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. तिचा ताजा लेख तर अजून छापूनही आला नव्हता.

त्यांनी चेक पुढे सरकवला. तिने नाव तपासलं. रक्कम आधी आकड्यांत, मग अक्षरांत. तारीख आजची. मागचे दोन थकलेले लेखसुद्धा धरले होते, न मागता.

"माझं सदर बंद करताय का?"

"नाही हो."

"मग मासिकच बंद होतंय?"

"पुढच्या अंकाचा कागद येऊन पडलाय."

चेकसोबत सही करायची पावती होती, ती तिने दोनदा वाचली. उलटी करून मागची बाजूही पाहिली. कोरी होती.

"काका, खरं सांगा. वटेल ना हा?"

काका हसले नाहीत. "आज माझा इथला शेवटचा दिवस. उद्यापासून माझी सही चालणार नाही. म्हटलं, जाता जाता लिहिणाऱ्यांचं मोकळं करून टाकावं."

तिला हायसं वाटलं. पावतीवर भरभर सही करून तिने चेक पर्समध्ये टाकला, पण पर्सची चेन अर्ध्यावरच थांबली.

"म्हणजे चेकवर सही तुमची लागते?"

"एवढ्या रकमेपर्यंत, हो."

"एकट्याची?"

"एकट्याची."

"आणि मला सांगायचात, साहेबांची सही राहिलीय. आईचं औषध उधारीवर आणलं होतं मी, तेव्हासुद्धा हेच सांगितलंत."

काका टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले. "साहेब म्हणायचे, थांबवा. मी थांबवायचो." मग हळूच म्हणाले, "कुणी एकदा तरी आवाज चढवला असता, तर मलाही साहेबांना काही सांगता आलं असतं. तुम्ही सगळे आपले 'काही घाई नाही' म्हणून निघून जायचात."

तिला खूप काही बोलायचं होतं. तिने पर्सची चेन ओढून बंद केली. ती उठली.

बाहेरच्या बाकावर व्यंगचित्रकार, अनुवादक आणि शब्दकोडी रचणाऱ्या बाई अंग चोरून बसल्या होत्या. व्यंगचित्रकाराने तिची बाही धरली. "काय भानगड आहे हो? कशावर सह्या घेतायत?"

ती उत्तर देणार, एवढ्यात आतून काकांचा दबका आवाज आला.

"पुढचे कोण आहेत? लवकर या. साहेब जेवून येतील आता."

तिने घड्याळ पाहिलं. बँक बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. चपला हातात घेऊन ती जिना उतरू लागली.