टीव्हीमागचा डबा

विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं जळतात, म्हणून आमच्या साहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सर्ज प्रोटेक्टरचा महागडा डबा आणला. टीव्ही, कॉम्प्युटर आणि स्पीकर, तिन्हींच्या पिना त्यात. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे, जणू स्वतःच घडवलाय.

"अहो, आईंचं ऑक्सिजनचं मशीनही त्यालाच लावू या," मी म्हटलं.

"जागा कुठाय? आणि आईचं मशीन साधं आहे. त्याला काय धाड भरलीय!"

टीव्हीमागची जळमटं काढणं हे अर्थातच माझं काम. स्वारी तिकडे वाकूनही बघत नाही. त्यामुळे मी तो डबा उचलून सासूबाईंच्या उशाशी नेला आणि बाकीच्या पिना सरळ भिंतीत खुपसल्या, हे साहेबांच्या गावीही नव्हतं.

काल गेलेली वीज परत आली ती दणक्यातच. टीव्ही फट्कन उडाला, कॉम्प्युटरमधून धूर निघाला. साहेबांनी थयथयाट केला, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग टीव्ही ओढून मागे पाहिलं आणि डबा शोधत, घर पालथं घालत आईंच्या खोलीत आले. मशीन संथ घुरघुरत होतं. नाकाला नळी लावलेल्या आई लेकाकडेच बघत होत्या.

साहेब वाकले. डब्यावरचा हिरवा दिवा पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे डबा एकदम पक्का आहे! नवा टीव्ही आला की परत तिकडे लाव."