चौथ्या मजल्यावरचा मुका पत्ता

"उडवून टाक तो पत्ता," फोनवर साहेब म्हणाले. "तिकडे घेणारं कोणी नाही. उगाच सगळ्यांची रांग अडते."

नेटवर्कवालीचं बोट कीबोर्डवर थांबलं. हॉस्पिटलच्या तळघरात पंख्यांची घरघर होती. बाहेर दुपार पेंगत होती. पडद्यावरची रांग पाण्याखालून पाहावी तशी संथ हलत होती. तपासणीचे अहवाल, एक्स-रे, औषधांच्या याद्या, सगळं एका टॅबलेटकडे निघालेल्या निरोपांमागे खोळंबलं होतं. टॅबलेट चौथ्या मजल्यावरचा आणि कालपासून मुका. निरोपांना वाट दाखवणारा राउटर कुणाचं काही जपून ठेवत नाही. जरा वेळ वाट बघतो, मग फेकून देतो. पण हा पाठवणारा खमक्या निघाला. फेकलेलं पुन्हा पाठवत होता, वर नवी भर घालत होता.

एक नियम लिहिला की काम फत्ते. त्या पत्त्यावर येणारं सगळं दारातच गडप झालं असतं. पाठवणाऱ्याला पत्ताही लागला नसता.

"साहेब, वर जाऊन बघून येते."

"अख्खं हॉस्पिटल अडलंय, बाई!"

"पाचच मिनिटं."

चौथ्या मजल्यावर संसर्गाचे रुग्ण होते. गाऊन आणि मास्क चढवून ती त्या लांब, पांढऱ्या बोळातून निघाली. स्वतःचाच श्वास तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. टोकाच्या खोलीत एक आजी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

"कालपासून अन्नाला शिवल्या नाहीत," सिस्टर कुजबुजली. "आजोबाही इथेच आहेत, पलीकडच्या वॉर्डात. भेटायची परवानगी नाही. टॅबलेटवर त्यांचे निरोप यायचे, ते काल बंद झाले. आजींनी काय समजायचं ते समजून घेतलं. आजोबा बरे आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणतात, तुम्हाला असंच बोलायला शिकवतात."

नेटवर्कवाली पलंगामागे वाकली. फरशी पुसताना चार्जर निसटला होता. तिने तो लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा उजळला आणि टॅबलेट किणकिणायला लागला. थांबेचना. सत्तावन्न निरोप आले.

आजी वळल्या नाहीत. "वाच," त्या भिंतीशीच बोलल्या. "कधी गेले, तेवढं सांग."

तिने पहिला निरोप वाचला. "जेवलीस का?"

दुसरा वाचला. "जेवलीस का?"

सगळे तेच होते. शेवटचा नुकताच, दोन मिनिटांपूर्वी पाठवलेला. "अगं, जेवलीस का?"

आजींची पाठ हलायला लागली. त्या रडतायत की हसतायत, कळेना. मग त्या सावकाश या कुशीवर वळल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जन्मभरात एकदा विचारलं नाही मेल्यानं!"