गंधक, एक दशांश टक्का

“युरोपचं आकाश स्वच्छ ठेवायची जबाबदारी आजपासून धामापूरची!” लॅपटॉप उघडत कौस्तुभने जाहीर केलं.

“ठेव रे बाबा,” त्याची आई विमला म्हणाली. “पण आधी खळ्यातली सोलां उचल. कावळे चोची मारतत.”

कौस्तुभने अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलली आणि मग तो युरोपकडे वळला.

उत्तर समुद्रात शिरणाऱ्या जहाजाच्या इंधनात एक दशांश टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही. म्हणजे हद्दीत शिरण्याआधीच साधं तेल बंद करून कमी गंधकाचं सुरू करायचं. नळ्यांतलं जुनं तेल जळून जायला वेळ लागतो. तो किती, हे कौस्तुभ मुंबईच्या एका जहाज कंपनीला घरबसल्या सांगायचा. आजचं जहाज तपासणीत पास झालं, तर कंपनीच्या सगळ्या जहाजांचं काम त्याला. नाहीतर मुंबईची जुनी नोकरी आणि जुना साहेब.

पडद्यावर चीफ इंजिनीअर आला. फिलिपिनो, घामाघूम, हात व्हॉल्व्हवर. नेमकं त्याच वेळी खळ्यात वाडीतल्या गणपतकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. वाडी जमलेलीच होती.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जा काय जहाजाचा काम हाती घेतलेला आसा...”

“व्हय म्हाराजा!”

याच जहाजाच्या मागच्या दोन फेऱ्यांत हे सगळं जहाजावर ऐकू गेलं होतं. आज कौस्तुभ सावध होता. त्याने माइक बंद केला.

“काका, जरा हळू!”

“हळू बोल्लेला देवाक ऐकाक येता काय रे?” म्हणून काकांनी पट्टी आणखी वर नेली. “त्या जहाजाच्या पोटात गंधकाची जी काय पीडा आसात...”

इंजिनीअर काही व्हॉल्व्ह फिरवेना. नुसता कानाकडे बोट दाखवत राहिला. कौस्तुभने आकड्यांचा तक्ता पडद्यावर लावला. इंजिनीअरने नकारार्थी मान हलवली. हद्द जवळ येत होती.

“काय झाला रे?” विमलाने विचारलं.

“तेल बदलीना गो!”

“मगे बोंबल मा जरा!”

कौस्तुभने माइक चालू केला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडला, “नाऊ! टर्न इट नाऊ!”

“...ती भायर काढून जहाजाक यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इंजिनीअरने व्हॉल्व्ह फिरवला.

कौस्तुभ खुर्चीत कोसळला. “बघितलंस, आये? आवाजात वजन लागता.”

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या समीक्षाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. अख्खी वाडी लॅपटॉपवर वाकली.

“जहाज पास! सगळी जहाजं तुमची!”

खळ्यात फटाक्यांची माळ फुटली. विमलाने पदराने डोळे पुसले.

“फक्त एक छोटीशी विनंती,” समीक्षाबाई म्हणाल्या. “ते तक्ते पाठवत जाऊ नका. ती आकडेमोड जहाजावरचा संगणक करतो. आणि काकांचं चालू असताना माइक तेवढा बंद करू नका. खाली इंजिनापाशी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सगळे टोप्या काढून उभे असतात.”