माधवीच्या तोंडचे आवाज

“हिरवागार सांबार घ्या, पालक घ्या, भेदरं घ्या लालबुंद!”

टेबलाखालून कोथिंबीर-टोमॅटोची आरोळी आली आणि मंजुषा मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. गळा नऊ वर्षांच्या पोरीचा होता, पण ढब अगदी बाजारात उभं राहून घसा बसलेल्या माणसाची.

“हा तिच्या बाबाचा आवाज,” पोरीची आई, रागिणी, ओशाळून म्हणाली. “अंजनगावच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान हाये न.”

मॅडम हसल्या. अमरावतीची ही स्वमग्न मुलांची निवासी शाळा त्या वीस वर्षं सांभाळत होत्या. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. माधवी मांडी घालून बसली होती आणि चपलेचा पट्टा लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

“स्वतःचं काही बोलते का?”

“नाही जी. आयकलेलंच बोलते. पाणी पायजे असलं तरी, ‘पाणी पायजे काय तुले?’ असंच म्हणते. माह्याच आवाजात.”

टेबलावर प्रवेशाचा अर्ज पडला होता. किशोरची, म्हणजे माधवीच्या बापाची, सही झाली होती. आईची तेवढी राहिली होती, आणि ती करायचीच नाही असं ठरवून रागिणी सकाळच्या एसटीत बसली होती. घरातल्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून फक्त यायचं, शाळा पाहायची आणि पोरीला घेऊन परत जायचं. दोन महिन्यांपासून सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, एकच धोशा लावला होता. “ठेवून ये वं तिले तिथं. तुह्या अंगात काय राहिलं आता?” यातलं रागिणीला फक्त ‘ठेवून ये’ ऐकू यायचं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्यासारखं हिला कोणी सांभाळू शकत नाही, असं ती चारचौघांत सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत पोरीला अंगणात न्यायचं, हे तिलाच जमायचं. दहीभातात मोहरीचा एक दाणा राहिला तर ताट भिंतीवर जातं, हे तिलाच ठाऊक होतं. नखं झोपेत कापायची, तीही रोज दोनच बोटांची. नऊ वर्षांत ती माहेरी सलग दोन दिवस राहिली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि थकवा इतका होता की कधी कधी चुलीपुढे बसल्या बसल्या तिला रडू यायचं.

“घरात कोणी रागावतं का हिच्यावर?” मॅडमनी विचारलं. “घाबरून राहते का कोणाला?”

“सासूबाईचं तोंड लई खराब हाये. मी हावो म्हणून निभून राह्यलं.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात टेबलाखालून दुर्गाबाई बोलल्या. “ह्या बाईले जेवल्याबिगर हालवत नाही. टाक भात अजून.”

रागिणीलाही हसू आवरेना. गेल्या पोळ्याला अकोल्याची आतेसासू जेवायला बसली असताना माधवीनं हेच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं होतं. पाहुणी ताटावरून उठली आणि दुर्गाबाईंना आठ दिवस तोंड लपवायला जागा नव्हती. मॅडम पोट धरून हसल्या. रागिणीला वाटलं, आता उठावं. अर्ज घडी करून पिशवीत टाकावा आणि दोनची गाडी पकडावी.

शेजारच्या न्हाणीत शाळेच्या मावशींनी बादली नळाखाली लावली. पाण्याचा धो धो आवाज भिंतीतून आला. माधवीचा चपलेवरचा हात थांबला. तिनं दोन्ही कान गच्च दाबले, गुडघे पोटाशी घेतले आणि दबक्या आवाजात, दात आवळून, एकेक शब्द चावत ती म्हणाली,

“मरून जाय न वं एकडाव. मी तं सुटीन.”

आणि शेवटी एक लांब श्वास सोडला.

रागिणीनं ते शब्द ओळखले. रविवारी केस धुवायचे म्हणजे तासाभराची झटापट. पोरीची किंकाळी शेजारी जाऊ नये म्हणून ती न्हाणीचं दार लावून घ्यायची आणि नळ पूर्ण सोडायची. तिथं ती एकदा हे बोलली होती. एकदाच. किंवा दोनदा. पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार, असं तिला वाटलं होतं. त्या न्हाणीत आणखी एक माणूस होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या उठल्या नाहीत की चिडल्या नाहीत. त्यांनी हलकेच विचारलं, “रागिणीताई, हा आवाज कोणाचा?”

मावशींनी नळ बंद केला. खरं सांगावं असं रागिणीच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगितलं तर आई म्हणून मिरवायला तिच्याकडे काय उरणार होतं? तिनं मान खाली घातली.

“सासूबाईचा,” ती दबक्या आवाजात, दात आवळून म्हणाली. आणि तिनं एक लांब श्वास सोडला.

टेबलाखाली माधवीनं कानांवरचे हात काढले. चपलेचा पट्टा लावला. आणि त्याच दबक्या आवाजात, तसेच दात आवळून, शेवटी तोच लांब श्वास सोडत ती म्हणाली,

“सासूबाईचा.”