सहा हजारांचा आकडा

"आजचा कागद मेल केलाय," नंदन फोनवर म्हणाला. "शेवटचा. नीट तपास. माझी भीड धरू नकोस."

"तुझी भीड मी कधी धरली?"

तो हसला नाही. मागे प्रताप कुणाशी तरी मोठ्याने बोलत होता. "ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.

कॅनडात, हॅलिफॅक्समध्ये दुपारचे तीन वाजले होते. म्हणजे तिकडे अलाबामात एक. चार वर्षांची सलोनी सोफ्यावर झोपली होती. रुचाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, उगाचच, आणि लॅपटॉप उघडला.

मार्चमध्ये नंदनची इथली नोकरी गेली. दोन महिने तो बेसमेंटमध्ये नुसता बसून होता. मग पुण्यातल्या कॉलेजचा सीनियर प्रताप त्याला अलाबामाला घेऊन गेला. एक छोटा पक्ष राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता. त्याचं तिथलं ऑफिस प्रताप चालवायचा. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव यायला पाच हजार मतदारांच्या सह्या हव्या होत्या. सरकारी तपासणीत गळती होणार, म्हणून प्रताप सहा हजार मागत होता. नंदन गेला होता कॉम्प्युटर सांभाळायला. माणसं कमी पडली तसा क्लिपबोर्ड घेऊन उन्हात उभा राहायला लागला. बारा ओळींचा कागद भरल्याशिवाय प्रताप कुणाला घरी सोडत नसे.

ते कागद स्कॅन होऊन रुचाकडे येत. नाव मतदारयादीत सापडलं तर टिक, नाही तर काट. फुकटचं काम. पण प्रत्येक कागदाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचं नाव असे, आणि त्यातल्या काहींवर नंदनची सही. गाव कधी सेल्मा, कधी डोथन, कधी मोबिल. स्क्रीनवरच्या त्या सहीवर बोट ठेवून ती जरा वेळ बसे.

आज मुदत संपत होती. आकडा गाठला तर ऑफिस नोव्हेंबरपर्यंत चालणार. तोवर राहायचा शब्द नंदनने प्रतापला दिला होता. नाही गाठला तर उद्या कुलूप. मग तो गणपतीला घरी.

कालपर्यंत पाच हजार नऊशे नव्वद झाल्या होत्या.

चांगल्या सह्यांवर काट मारावी, असं कितीदा तिच्या मनात आलं होतं. कोण बघणार होतं? पण तिने एकही मारली नव्हती.

पहिली सहा नावं यादीत सापडली. सहा टिक. आता चार कमी.

सातवं नाव सापडलं नाही. आठवंही नाही. अक्षर वेगवेगळं काढलेलं, पण पेन एकच. पत्ते मोंटगोमेरीचे, आणि पुढे पिन. अमेरिकेतला पिन पाच आकडी असतो. इथे सहा आकडे होते. चार एक एक शून्य तीन आठ. कोथरूड.

बाराव्या ओळीपर्यंत तेच.

रुचा खुर्चीत मागे टेकली. बिचारा. ही नावं त्यानेच लिहिली होती. दमलेल्या हाताने सवयीने घरचा पिन घातला होता. एकदा तरी काहीतरी जिंकावं, म्हणून माणूस इतका खाली उतरला.

सहा वेळा काट मारली की तो गणपतीला इथे. हरून, पुन्हा बेसमेंटमध्ये.

तिने सहा टिक केल्या.

सलोनी डोळे चोळत आली. बाबा गेला त्या दिवशी विमानतळाकडे जाताना बंदर ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून त्याने हात हलवला होता. तेव्हापासून रोज तिचा एकच प्रश्न. "मम्मा, इज बाबा कमिंग ऑन द फेरी टुडे?"

"आज नाही, पिल्लू."

रुचाने फोन लावला.

"किती?" नंदनने विचारलं.

"सहा हजार दोन. अभिनंदन."

मागे प्रतापने टाळी वाजवली. मग दार लोटल्याचा आवाज, मग नुसते रातकिडे, भर दुपारचे. नंदन बाहेर आला होता.

"शेवटच्या सहा पाहिल्यास?"

"पाहिल्या. घाबरू नकोस, मी कुणाला सांगणार नाही."

"आणि पिन?"

"कोथरूडचा. सवयीने लिहिलास ना? कळलं मला."



"सवयीने एकदा लिहिला असता, रुचा. सहाही ओळींत मुद्दाम लिहिला. तू काट मारावीस म्हणून."